तारुण्याच्या गायकांचे सुतक

दरवर्षी १३ ऑक्टोबरला खंडव्यात माणसे जमतात. कोणी इंदूरहून येतो, कोणी मुंबईहून. भुसावळचा माणूस इटारसीकडे जाणारी गाडी धरतो आणि सावदा, रावेर, बऱ्हाणपूर मागे टाकीत सव्वाशे किलोमीटरवरच्या त्या गावी उतरतो. तेथे किशोरकुमार यांची समाधी आहे. लोक फुले वाहतात, दूध-जिलेबी ठेवतात आणि गाणी म्हणतात. १३ ऑक्टोबर १९८७ रोजी हा गायक मुंबईत हृदयविकाराने गेला, तेव्हा त्याचे वय अवघे अठ्ठावन्न होते. थोरले बंधू अशोककुमार यांचा तो वाढदिवस. पार्थिव खंडव्याला नेण्यात आले आणि अंत्यसंस्कार जन्मगावी झाले. रेल्वेच्या नकाशावर खंडवा भुसावळ विभागात मोडते. तेव्हा किशोरकुमार हा आपल्याच विभागातला माणूस, असे येथील एखादा निवृत्त गार्ड म्हणाला, तर त्याला हसण्याचे कारण नाही.

समाधीपाशी जमणाऱ्यांत पांढऱ्या केसांची संख्या मोठी असते. ‘आराधना’ १९६९ साली आला. त्या वेळी जो वीस वर्षांचा होता, तो आज पंचाहत्तरीच्या पुढे आहे. या माणसांनी घरातले मृत्यू पाहिले आहेत, आईबापांना खांदा दिला आहे, पुष्कळांनी जोडीदारही गमावला आहे. असे असूनही ज्याची कधी प्रत्यक्ष भेट झाली नाही, त्या गायकाचे नाव निघताच त्यांचा कंठ दाटून येतो. सुतक रक्ताच्या नात्याला लागते, असे जुनी माणसे सांगत. मग हे सुतक कोणत्या नात्याचे?

कार्यकर्त्यांच्या मनात येथे एक आक्षेप उभा राहील. देशात बेकारी आहे, शेतमालाला भाव नाही, आणि समाजवादी विचाराच्या साप्ताहिकाने चित्रपटातल्या गायकांसाठी अश्रू का ढाळावेत? चित्रपट हा भांडवलाचा धंदा. त्यातले गाणे म्हणजे कष्टकऱ्याला संध्याकाळी घटकाभर गुंगीत ठेवण्याचे साधन. हा आक्षेप जुना आहे आणि तो प्रामाणिकपणे घेतला जातो. म्हणूनच तो झटकून न टाकता त्याचा विचार करावयास हवा. कारण या आक्षेपाच्या पोटी चळवळीने बरेच काही गमावले आहे.

प्रथम, शोक नेमका कशाचा असतो ते पाहू. गायक गेला तरी गाणे जात नाही; ध्वनिमुद्रिका पूर्वीसारखीच वाजते. चित्रकाराचे चित्र राहते तसा गायकाचा आवाजही आता राहतो. मग गेले काय? गेला तो काळ, हे पहिले उत्तर. पहिली नोकरी, सायकलवरून घातलेल्या फेऱ्या, न पाठविलेली पत्रे हे सारे त्या आवाजात साठलेले असते. आवाजाचा धनी गेला की त्या दिवसांवर शेवटचा शिक्का बसतो. हे खरे आहे. परंतु एवढेच खरे असते तर तो ज्याचा त्याचा खाजगी प्रश्न ठरला असता आणि त्यावर जाहीर बोलण्याचे कारण उरले नसते.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. त्या काळी गाणे एकट्याने ऐकण्याची सोय फार थोड्यांना होती. रेडिओ ठेवण्यास परवाना लागे. एका घरात रेडिओ असे आणि चार घरे ऐकत. बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ लागली की चहाच्या टपरीवर उभे राहावयास जागा नसे. गणेशोत्सवात मंडपावरच्या कर्ण्यातून तेच गाणे साऱ्या आळीला ऐकू येई. साहेबाच्या बंगल्याला आणि खलाशाच्या खोलीला वेगळे गाणे नव्हते. रेल्वेने या गावात देशाच्या चारी दिशांची माणसे आणून वसविली. त्यांच्या भाषा निराळ्या, सण निराळे, जेवण निराळे. या माणसांना एकत्र गुणगुणता येईल अशा गोष्टी फार थोड्या होत्या. चित्रपटातले गाणे ही त्यांतली एक होती. गायकाच्या मृत्यूने हळहळतो तो माणूस या सामाईक ऐकण्यासाठीही हळहळत असतो. गायकाशी असलेले नाते हे वस्तुतः शेजाऱ्याशी असलेले नाते होते.

या सामाईक ऐकण्याची ताकद राज्यकर्त्यांना चळवळीपेक्षा लवकर कळली होती. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण केसकर केंद्रात नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताविषयी त्यांना आस्था होती आणि तिच्यापायी आकाशवाणीची दारे चित्रपटगीतांना जवळजवळ बंद झाली. जनतेची अभिरुची सुधारावी, हा हेतू. जनतेने रेडिओची सुई फिरवली आणि ती सिलोनवर नेऊन ठेवली. अखेर १९५७ साली सरकारला विविध भारती सुरू करावी लागली, आणि झुमरीतलय्यासारख्या आडगावाचे नाव फर्माइशींच्या पत्रांमुळे देशभर झाले. सुधारणेचा हेतू चांगला असला तरी लोकांच्या कानाला कुलूप लावता येत नाही, हा त्या पाच वर्षांचा धडा.

दुसऱ्या वेळी हेतूही चांगला नव्हता. १९७४ च्या मे महिन्यात ८ तारखेपासून २७ तारखेपर्यंत रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप झाला. जॉर्ज फर्नांडिस त्याचे नेते होते आणि सुमारे सतरा लाख कामगारांचा प्रश्न पणाला लागला होता. हजारो कामगार तुरुंगात गेले, क्वार्टर रिकामे करण्याच्या नोटिसा आल्या, नोकऱ्या गेल्या. रेल्वेवर जगणाऱ्या गावात त्या वीस दिवसांत चुली कशा पेटल्या असतील, हे येथे सांगावयास नको. वर्षभराने, जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. समाजवादी कार्यकर्ते नाशिकच्या, येरवड्याच्या तुरुंगांत होते; वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता. सरकारने चित्रपटसृष्टीला वीस कलमी कार्यक्रमाच्या प्रचारासाठी राबवून घ्यावयाचे ठरविले, तेव्हा किशोरकुमार यांनी नकार दिला. मे १९७६ मध्ये आकाशवाणी आणि दूरदर्शन यांवरून त्यांची गाणी बंद करण्यात आली. त्यांच्या ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीवर आणि ते काम करीत असलेल्या चित्रपटांवरही अधिकाऱ्यांची नजर वळली. आणीबाणीतील अतिरेकांची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाने हे प्रकरण तपासून आपल्या अहवालात नोंदविले.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे, आणि भक्तमंडळी तिचा उल्लेख टाळतात. पुढे किशोरकुमार यांनी सहकार्याची लेखी तयारी दाखविली आणि बंदी उठविण्याचा निर्णय झाला. मात्र सहकार्य कितपत मिळते यावर लक्ष ठेवण्याचे ठरले. ही नोंद लपविण्याचे कारण नाही. किशोरकुमार हे सत्याग्रही नव्हते. ते लहरी, पैशाचा हिशेब चोख ठेवणारे, राजकारणापासून दूर राहणारे कलावंत होते. अशा माणसानेही प्रथम ‘नाही’ म्हटले, ही गोष्ट मोठी आहे. आणि अशा माणसालाही सत्तेने वाकावयास लावले, ही गोष्ट तितकीच ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मृताला देव केले की त्याच्यापासून शिकण्याजोगे काही उरत नाही. खंडव्याच्या समाधीवर दूध-जिलेबी ठेवताना ही दोन्ही पाने वाचली गेली, तर तो शोक अधिक खरा होईल. १९७७ मध्ये मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि संपात काढून टाकलेल्या कामगारांना परत कामावर घेण्यात आले. गाणीही रेडिओवर वाजत होती, घरात पगारही पुन्हा येऊ लागला होता. ज्या घरांत या दोन गोष्टी एकाच वर्षाच्या आठवणीत बसल्या आहेत, त्या घरांना किशोरकुमारांचा आवाज म्हणजे नुसती करमणूक होती असे कोणी सांगू नये.

आता चळवळीने काय गमावले ते पाहू. १९६९ साली ‘आराधना’ आला, असे आरंभी म्हटले. त्याच वर्षी १८ जुलैला अण्णाभाऊ साठे गेले आणि २९ ऑगस्टला शाहीर अमर शेख अपघातात गेले. द. ना. गवाणकर यांच्यासह या दोघांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभारले होते. गिरणगावातल्या सभेत अमर शेखांचा आवाज ध्वनिक्षेपकावाचून शेवटच्या रांगेला पोहोचत असे, असे ऐकणारे सांगत. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात सभेला माणसे पुढाऱ्यांसाठी जितकी जमत तितकीच शाहिरांसाठी. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकानेही वसंत बापट, लीलाधर हेगडे यांची गाणी गावोगाव नेली. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके याच अंगणात घडले. एका पिढीला तारुण्यात जो आवाज मिळाला तो चळवळीचा होता.

पुढच्या पिढीला तो मिळाला नाही. शाहीर गेले, त्यांच्या जागी नवे घडविण्याची निकड कोणाला वाटली नाही, आणि तरुणांच्या ओठांवर जी गाणी होती ती हलकी समजून चळवळीने कान फिरवला. शिबिरात सकाळी समूहगीत म्हणावयाचे आणि रात्री तंबूमागे चोरून ट्रान्झिस्टर लावायचा, अशी दुहेरी वहिवाट पडली. ज्या तरुणाला आपले आवडते गाणे संघटनेपासून लपवावे लागते, तो पुढे मनातल्या इतर गोष्टीही लपवू लागतो. अमर शेखांच्या शोकाला आणि किशोरकुमारांच्या शोकाला एकाच अंगणात जागा मिळाली असती, तर कार्यकर्ता आणि सामान्य तरुण यांच्यात आज दिसते तेवढे अंतर पडले नसते.

एका गावातही तारुण्य एकच नसते, हेही येथे नमूद करावयास हवे. रेल्वेच्या वसाहतीत इन्स्टिट्यूटच्या लाकडी जमिनीवर पियानो आणि ट्रम्पेटच्या तालावर नाचणारी अँग्लो-इंडियन कुटुंबे स्वातंत्र्यानंतर एकेक करून इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला निघून गेली. अशाच कुटुंबातला, लखनौला १९४० मध्ये जन्मलेला एक मुलगा १९४८ साली आईबापांबरोबर इंग्लंडला गेला. त्याचे वडील रेल्वेला खाद्यपदार्थ पुरविणाऱ्या कंपनीत नोकरीला होते. जगाने पुढे त्याला क्लिफ रिचर्ड म्हणून ओळखले. झांझिबारमध्ये जन्मलेला फारुख बुलसारा हा पारशी मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तेथेच मित्रांबरोबर त्याने पहिला वाद्यवृंद काढला. तो फ्रेडी मर्क्युरी. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी लंडनमध्ये एड्सने त्याचा मृत्यू झाला, तेव्हा पाश्चात्त्य तरुणांच्या एका पिढीने जे सुतक पाळले त्याचा एक धागा सातारा जिल्ह्यातून जात होता, याची आपल्याकडे फारशी कोणाला कल्पना नव्हती.

गावाच्या दुसऱ्या टोकाला, दलित वस्त्यांत, तारुण्याचा आवाज वामनदादा कर्डक यांचा होता. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे १९२२ मध्ये जन्मलेल्या या कवीने हजारो गीते लिहिली आणि खेडोपाडी जाऊन स्वतः गायिली. आंबेडकर जयंतीच्या रात्री त्यांच्या गाण्यांवर पहाट होई. १५ मे २००४ रोजी ते गेले. त्यानंतर काही आठवड्यांतच प्रल्हाद शिंदे गेले. वस्त्यांमध्ये त्या दिवशी जो शोक झाला, त्याचा आवाज गावाच्या उरलेल्या भागात कितपत पोहोचला? रमाबाई आंबेडकर नगरातील गोळीबारानंतर जुलै १९९७ मध्ये शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. त्या गायकाचे नाव मुंबईतही एका वर्तुळाबाहेर थोड्यांनाच ठाऊक आहे. कोणाच्या मृत्यूने गाव थांबते आणि कोणाच्या मृत्यूने फक्त वस्ती थांबते, यावरून त्या गावाची जातव्यवस्था मोजता येते.

आणि ज्यांच्यासाठी कोणीच थांबत नाही, त्यांचे काय? १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटात अँथनी गोन्साल्विस हे नाव उच्चारणारे गाणे किशोरकुमारांनी गायिले आणि पोराटोरांच्या तोंडी ते नाव झाले. हा कोणी कल्पनेतला विदूषक असावा, असेच सर्वांना वाटले. वस्तुतः अँथनी गोन्साल्विस हे गोव्यातील माजोर्डा गावचे व्हायोलिनवादक. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत त्यांनी वाद्यवृंदाची रचना केली, विद्यार्थी घडविले. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. गुरूचे नाव गाण्यात गुंफून त्यांनी ऋण फेडले. जानेवारी २०१२ मध्ये गोन्साल्विस वारले तेव्हा बहुतेकांना प्रथमच कळले की या नावाचा माणूस खरोखर होता. त्यांच्यासारखे कितीतरी गोवेकर, पारशी, बंगाली, मराठी वादक रोज स्टुडिओत येत, रेकॉर्डिंगमागे ठरलेला मेहनताना घेत आणि घरी जात. गाणे पन्नास वर्षे वाजले तरी त्यांच्या हाती पुन्हा एक पैसाही येण्याची वाट नव्हती.

मोबदल्याचा हा प्रश्न गायकांमध्येही उभा राहिला होता. गाण्याच्या विक्रीत गायकाला कायमचा वाटा मिळावा, अशी लता मंगेशकर यांची भूमिका होती. एकदा मेहनताना घेतला की हक्क संपला, असे महंमद रफी मानत. साठच्या दशकात या मतभेदावरून दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे बंद केले. रफींच्या मोठ्या मनाच्या कथा भाविकपणे सांगितल्या जातात आणि त्या सांगाव्यातही. परंतु कामगार चळवळीच्या दृष्टीने पाहिले तर या वादात न्यायाची बाजू लताबाईंची होती. श्रमाचे फळ विकले जाते तोवर श्रमिकाचा त्यावर हक्क राहतो, हे तत्त्व गिरणीत खरे आणि स्टुडिओत खोटे असू शकत नाही. चित्रपटगीतांच्या कवींना आणि संगीतकारांना स्वामित्वधनाचा, सहीने सोडून देता येणार नाही असा हक्क मिळावयास २०१२ ची कायदादुरुस्ती यावी लागली. तोपर्यंत त्या सुवर्णकाळातले बहुतेक जण निघून गेले होते.

रफी ३१ जुलै १९८० रोजी गेले. मुंबईत धो धो पाऊस होता आणि तरीही हजारो माणसे त्यांच्या जनाज्याबरोबर चालत होती. त्यांत हिंदू किती, मुसलमान किती, हे कोणी मोजले नाही. श्रीकांत ठाकरे यांच्या संगीतात रफींनी गायिलेली मराठी गाणी घराघरांत होती. त्या दिवशी मराठी घरांनाही सुतक लागले. त्याच वर्षी ८ डिसेंबरला न्यूयॉर्कमध्ये जॉन लेनन यांची गोळ्या घालून हत्या झाली आणि १४ तारखेला जगभर त्यांच्या चाहत्यांनी दहा मिनिटे मौन पाळले. दोन भिन्न जगांतले हे दोन शोक. दोहोंत अनोळखी माणसे एकमेकांशेजारी उभी राहिली, एवढे साम्य होते. जुहूच्या दफनभूमीतील रफींची कबर मात्र २०१० मध्ये नव्या दफनांना जागा करण्यासाठी हटविण्यात आली. यात कोणाचा अपमान झाला असे मानण्याचे कारण नाही. मेलेल्यांनी जिवंतांना जागा करून द्यावी, हे न्याय्यच आहे. दगडापाशी स्मृती बांधून ठेवता येत नाही, एवढाच याचा अर्थ.

मग स्मृती कोठे ठेवावयाची? आज तिचा ताबा बाजाराने घेतला आहे. गाणे प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आहे आणि प्रत्येकाच्या कानात वेगळे वाजते आहे. रेल्वेच्या एकाच डब्यात बसलेल्या ऐंशी माणसांच्या कानात ऐंशी गाणी असतात; पुढचे कोणते लावावयाचे हे कंपनीचा संगणक ठरवितो. त्याला त्या माणसाचे वय ठाऊक असते. त्यामुळे पंचाहत्तरीच्या माणसाला त्याचेच तारुण्य दरमहा वर्गणी घेऊन परत विकले जाते. याहून पुढची गोष्टही आता घडू लागली आहे. मृत गायकाचा आवाज संगणकाला शिकवून त्याच्या तोंडी नवे गाणे घालता येते. २०२४ मध्ये ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटासाठी ए. आर. रहमान यांनी दोन दिवंगत गायकांचे आवाज असे वापरले. कुटुंबीयांची संमती घेतल्याचे आणि मोबदला दिल्याचे त्यांनी जाहीर केले. रहमान यांनी एवढे तरी पाळले. बाकी बाजार किशोरकुमारांच्या आवाजात रोज नवी गाणी ओतीत आहे. त्याच वर्षी गायक अरिजित सिंग यांना आपला आवाज वाचविण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले आणि न्यायालयाने त्यांना अंतरिम संरक्षण दिले. जिवंत माणूस न्यायालयात जाऊ शकतो. मेलेल्या माणसाला कामावर लावले तर त्याच्या वतीने संप कोण करणार? शोक करणाऱ्यांनीच तो करावयास हवा. हा आवाज त्याचा नाही, असे स्पष्ट म्हणण्यास आणि असे गाणे ऐकण्यास नकार देण्यास पैसा लागत नाही.

या सगळ्यावर खानदेशातच एक जुने उदाहरण आहे. असोद्याच्या लेक आणि जळगावच्या सून बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात त्यांना गाणी सुचत आणि ती वाऱ्यावर जात. मुलगा सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी त्यांतली काही टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखविली आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. मुलगा आईसाठी नुसता रडत बसला असता तर कोणी त्याला दोष दिला नसता; परंतु मग महाराष्ट्राला बहिणाबाई मिळाल्या नसत्या. शोकाचेही एक काम असते आणि ते वेळेवर करावे लागते, हे त्या वहीने दाखवून दिले.

तेव्हा, मित्रहो, भुसावळपुरते बोलावयाचे तर काम पुढ्यातच आहे. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी या पट्ट्यात गणेशोत्सवात आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रा गाजविणारे गायक, ॲकॉर्डियन वाजविणारे, काँगो-बाँगो वाजविणारे आज म्हातारे झाले आहेत. कोणी रेल्वेतून निवृत्त झाला, कोणाला नोकरीच नव्हती. लग्नाच्या वरातीत क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट फुंकणारे बँडवाले बहुधा मातंग आणि इतर उपेक्षित समाजांतले. अण्णाभाऊ ज्या वाड्यातून आले त्याच वाड्यांतले. ज्यांच्या वाजविण्यावर गावाचे तारुण्य नाचले, त्यांना मांडवात पंगतीला मात्र शेवटी बसविले गेले. डीजे आला आणि त्यांचे काम गेले. मुंबईच्या गायकाला दुरून ऐकले. या माणसांनी ती गाणी प्रत्यक्ष दारात आणून दिली. त्यांचे फोटो कोणाच्या भिंतीवर नाहीत.

ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी राज्य शासनाची मासिक मानधनाची योजना आहे. तिला वयाचा, उत्पन्नाचा आणि कलेच्या क्षेत्रातील कामाचा पुरावा लागतो. ज्याने आयुष्यभर वरातीत ट्रम्पेट वाजविला त्याच्यापाशी कोणता पुरावा असणार? कात्रणे नाहीत, प्रमाणपत्रे नाहीत. त्याचे वाजविणे ज्यांनी ऐकले ती माणसे हाच त्याचा पुरावा. येथे कार्यकर्त्याची गरज आहे. अशा प्रत्येक वादकाच्या घरी जाऊन त्याचे नाव, वाद्य, पथक, कोणत्या वर्षी कोठे वाजविले हे लिहून घ्यावे. जुनी हँडबिले, लग्नातले फोटो शोधून काढावेत. ऐकणाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात. अर्ज भरून पंचायत समितीत जाऊन पाठपुरावा करावा. त्याच वहीतून या गावाच्या ऐकण्याचा इतिहासही तयार होईल, आणि त्यात रेल्वे वसाहत, बाजारपेठ आणि दलित वस्ती यांची पाने एकाच बांधणीत असतील.

आणि वर्षातून एक संध्याकाळ गावाने एकत्र बसून ऐकावे. किशोरकुमार असावेत, रफी असावेत, वामनदादा आणि अमर शेखही असावेत. आजची तरुण मुले ज्या अहिराणी गाण्यांवर नाचतात तीही असावीत, कारण त्यांच्याही तारुण्याला कधीतरी सुतक येणार आहे. त्या संध्याकाळी पहिली खुर्ची एखाद्या थकलेल्या ट्रम्पेटवाल्याला द्यावी आणि त्याचा दम टिकेल तोवर त्याला वाजवू द्यावे. १३ ऑक्टोबरला खंडव्याला जाणारी गाडी धरणाऱ्यांनी जरूर जावे. मात्र स्टेशनाच्या वाटेवर ज्याचे घर लागते, त्या वादकाच्या अर्जावर सही करून मग पुढे जावे.